पाठ ताठ झालेला रुग्ण पडला? ‘किरकोळ मार’ समजू नका!

अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये साध्या धक्क्यानेही मणका मोडू शकतो. एक्स-रेमध्ये तो अनेकदा दिसत नाही

परभणी : बांधावर पाय घसरला, दुचाकी खड्ड्यात आदळली किंवा न्हाणीघरात तोल गेला. निरोगी माणूस अंग झटकून उठतो. पण अनेक वर्षांपासून पाठ आणि मान ताठ असलेल्या रुग्णासाठी एवढा मार जीवघेणा ठरू शकतो. एक्स-रे ‘नॉर्मल’ येतो, गोळ्या घेऊन रुग्ण घरी जातो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी हातपाय लुळे पडू लागतात.

हा आजार नेमका काय?

अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस हा मणक्यांच्या सांध्यांचा दाह आहे. तो बहुतेकदा तरुणपणी, पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो. सकाळी उठल्यावर कंबर आखडते. हालचाल केली की बरे वाटते, विश्रांतीने मात्र दुखणे वाढते. आखडलेली कंबर मोकळी व्हायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत असेल आणि हे तीन महिन्यांपेक्षा जास्त चालले असेल, तर तपासणी करून घ्यावी. काही रुग्णांत पुढे मणके एकमेकांना जुळतात आणि पाठीचा कणा बांबूसारखा एकसंध होतो.

धोका कुठे आहे?

लवचिक कणा धक्का वाटून घेतो. एकसंध झालेला कणा मात्र लांब हाडासारखा आरपार मोडतो. त्यात आतून हाड ठिसूळही झालेले असते. मानेच्या खालच्या भागात असे फ्रॅक्चर सर्वाधिक आढळते. क्वचित मज्जारज्जूभोवती रक्त साचून दाब वाढतो. आजार खूप जुना असेल, तर क्वचित कमरेखालच्या नसा हळूहळू निकामी होतात. अशा वेळी लघवी-शौचावरचा ताबा जातो आणि बसण्याच्या जागेला बधिरता येते.

क्षयरोगासारखे दिसणारे दुखणे

आणखी एक दुर्मीळ गुंतागुंत म्हणजे ‘अँडरसन लीजन’. १९३७ मध्ये स्वीडिश डॉक्टर अँडरसन यांनी तिचे वर्णन केले. यात दोन मणक्यांमधली चकती आणि शेजारचे हाड झिजते. एमआरआयमध्ये हे चित्र मणक्याच्या क्षयरोगासारखे दिसते. आपल्याकडे क्षयरोग जास्त असल्याने गफलत होऊ शकते. ताप, वजन घटणे, मणक्याभोवती पू या गोष्टी क्षयरोगाकडे बोट दाखवतात. सीटीमध्ये मणक्याच्या मागच्या भागातही भेग दिसली, तर अँडरसन लीजनची शक्यता वाढते. शंका उरल्यास सुईने नमुना घेऊन सीबीनॅटसह तपासणी करतात.

उपचार कसे?

फ्रॅक्चर अस्थिर असेल किंवा नसांवर दाब असेल, तर स्क्रू आणि रॉड बसवून मणके वर-खाली लांबपर्यंत स्थिर करावे लागतात. अँडरसन लीजनमध्ये आधी पट्टा आणि दाहशामक औषधे देतात. दुखणे थांबले नाही किंवा बाक वाढला, तर शस्त्रक्रिया करतात. मूळ आजारासाठी बायोलॉजिक इंजेक्शने उपलब्ध आहेत. पण त्यांनी सुप्त क्षयरोग डोके वर काढू शकतो, म्हणून आधी त्याची तपासणी करतात.

रुग्ण पडल्यावर काय कराल?

• मान किंवा पाठ जबरदस्तीने सरळ करू नका. मान आधीपासून पुढे वाकलेली असेल, तर उशी किंवा घडी केलेली चादर लावून त्याच स्थितीत आधार द्या.
• उचलून बसवू नका, रिक्षात कोंबू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.
• डॉक्टरांना आधी सांगा, ‘याला मणके जुळण्याचा आजार आहे.’ जुने रिपोर्ट सोबत न्या.
• एक्स-रे चांगला आला, तरी दुखणे नवे असेल तर सीटी स्कॅन आणि गरजेप्रमाणे एमआरआयबाबत विचारा. फ्रॅक्चर एकापेक्षा जास्त ठिकाणी असू शकते, म्हणून पूर्ण मणका तपासणे चांगले.
• जिंतूर, गंगाखेड, पाथरीसारख्या तालुक्यांतून परभणीला आणि तिथून नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या रुग्णालयात जायचे असेल, तर मान स्थिर करूनच निघा.

एरवी घ्यायची काळजी

व्यायाम रोज करा, पण सलूनमध्ये मान मोडून घेणे आणि पाठीवर पाय देऊन मालिश करणे टाळा. न्हाणीघर घसरडे ठेवू नका. धूम्रपान सोडा. आणि नेहमीच्या दुखण्यापेक्षा वेगळी, अचानक सुरू झालेली कळ आली, तर ‘जुनेच दुखणे’ म्हणून अंगावर काढू नका.