अपंग नर्तकांचा महोत्सव

श्रीमती सेलेस्ट डँडेकर या नर्तकीच्या मानेस 1973 मध्ये प्रयोग चालू असतानाच गंभीर दुखापत झाली व त्यांना कायमची चाकांची खुर्ची घ्यावी लागली. त्यांनीच श्री. अ‍ॅडम बेंजामिन यांच्यासमवेत 1991 मध्ये लंडन येथे अपंग व धडधाकट नर्तकांचा ‘कॅन्डोको’ हा संयुक्त संच उभारला. 2012 मध्ये, पॅरालिंपिकच्या काळात, साऊथबँक सेंटरमधील ‘अनलिमिटेड’ महोत्सवात या संचाने नव्या रचना सादर केल्या. ‘अनलिमिटेड’ उपक्रमात अपंग कलावंतांकडे 29 कलाकृतींचे काम रीतसर मोबदला देऊन सोपविण्यात आले होते. कौतुकाच्या शालीपेक्षा हे अधिक मोलाचे! असा महोत्सव भरवावयाचा तर चाकांची खुर्ची प्रेक्षागृहाप्रमाणेच रंगपटात व रंगमंचावरही पोहोचली पाहिजे. त्यासाठी बांधलेला उतार पुढे वस्तीतील वृद्धांच्याही उपयोगी पडतो.