तिकिटावरचं जंगल आणि आपल्या शेजारचं

सडक अर्जुनीतल्या घरांना जंगल नवं नाही. मुंबई-कोलकाता महामार्ग गावातून जातो आणि एका बाजूला नवेगावचं, दुसऱ्या बाजूला नागझिऱ्याचं रान. तरी इथल्या मुलांना राष्ट्रीय उद्यानांची नावं विचारली, तर बहुतेक वेळा काझीरंगा आधी येतं, नवेगाव नंतर. पाठ्यपुस्तक आणि टीव्ही हे त्याचं कारण आहेच. पण पूर्वी हेच काम टपाल तिकीटही करायचं.

2007 मध्ये आपल्या टपाल खात्याने राष्ट्रीय उद्यानांची पाच तिकिटं काढली: बांधवगड, बंदीपूर, काझीरंगा, मुदुमलाई आणि पेरियार. त्यात महाराष्ट्रातलं एकही नव्हतं. आपल्याला जवळचं तिकीट म्हणजे 1983 चं, शेजारच्या कान्हाचं, बारशिंग्याचं.

पण ज्या तिकिटापाशी थांबावं, ते 1996 चं आहे. मरहूम डॉ. सालिम अली यांच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेली ही दोन तिकिटांची जोडी. त्यावर डॉक्टरसाहेब आहेत आणि घरट्यातले चित्रबलाक आहेत. लहानपणीच आईवडिलांचं छत्र हरपलेला हा मुलगा मुंबईत मामा अमीरुद्दीन तय्यबजींकडे वाढला. छर्‍याच्या बंदुकीने चिमण्या मारायचा. एकदा गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी पडली, तेव्हा ही खायला चालते का, अशी शंका आली. म्हणून मामांना विचारलं. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं आणि तिथे पक्ष्यांचं दालन उघडलं. शंका विचारणाऱ्या मुलाला गप्प न बसवणारा मामा मला या गोष्टीत फार मोठा वाटतो. नवेगावच्या पक्षी अभयारण्याला आज त्याच मुलाचं नाव आहे.

निसर्गदृश्यांच्या तिकिटांची गोष्ट निघाली की अमेरिकेची 1934 ची मालिका आठवते. मंदीचा काळ होता आणि अध्यक्ष रूझवेल्ट स्वतः तिकिटं जमवणारे. एक सेंटपासून दहा सेंटपर्यंत दहा तिकिटं, दहा उद्यानं: योसेमिटीचा कडा, ग्रँड कॅन्यन, यलोस्टोनचा गरम पाण्याचा फवारा. लोकांना घरबसल्या ही ठिकाणं दिसली. पण नीट पाहा. दहापैकी घरं फक्त एकावर आहेत, मेसा व्हर्देच्या तिकिटावर. तीही कड्याच्या कपारीतली, सहाशेहून अधिक वर्षं ओस पडलेली. निसर्गाचं चित्र काढताना माणूस चौकटीबाहेर राहतो, ही तिकिटांची जुनी सवय आहे.

आपल्याकडे ती चौकट कागदावरच राहिली नाही. नवेगाव 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. जंगलातली कालीमाटी, कवलेवाडा आणि झनकारगोंदी ही गावं उठवून लोकांना आपल्याच तालुक्यात श्रीरामनगरला वसवण्यात आलं. तिथले लोक सोयी आणि हक्कांसाठी आंदोलनं करत आले आहेत. वाघाला जागा हवी, हे खरं. पण ती कोणी सोडली, हेही मुलांना ठाऊक असावं.

आता थोडं कामाचं. टपाल खात्याची ‘दीनदयाळ स्पर्श’ योजना सहावी ते नववीच्या, तिकिटांचा छंद असलेल्या मुलामुलींसाठी आहे. निवड झाल्यास वर्षाला 6,000 रुपये मिळतात. गेल्या परीक्षेत 60 टक्के गुण हवेत. शाळेत फिलाटेली क्लब असावा, नसेल तर मुलाच्या नावे फिलाटेली खातं चालतं. ते 200 रुपयांत उघडता येतं. आधी लेखी प्रश्नमंजूषा, मग प्रकल्प. मोठ्या टपाल कार्यालयात चौकशी करा. नागपूरच्या जीपीओत फिलाटेली ब्युरो आहे.

घरातल्या जुन्या पत्रांची पाकिटं टाकू नका. तिकीट ओढून काढू नका, भोवतीच्या कागदासकट कापा, साध्या पाण्यात भिजवा, सुटलं की वर्तमानपत्रात दाबून वाळवा. गोंद राहिला तर पुन्हा पाणी.

आणि प्रकल्पाला विषय हवा असेल तर एका पानावर सालिम अलींची जोडी लावा, दुसऱ्यावर कान्हाचा बारशिंगा. तिसऱ्या पानासाठी मुलांना घेऊन श्रीरामनगरला जा. तिथल्या एखाद्या आजीला विचारा, त्यांच्या गावाचं तिकीट निघालं असतं तर त्यावर काय असायला हवं होतं. त्या सांगतील तसं चित्र मुलांना काढू द्या.