मास्टर चाबी कोणाकडे? 'सिसअ‍ॅडमिन' अधिकार देण्याआधी एवढं बघा



गोंदियातली राईस मिल असो, तिरोड्यातलं कृषी केंद्र असो की आमगावातलं किराण्याचं होलसेल दुकान, हिशोब आता वहीत कमी आणि कॉम्प्युटरमध्ये जास्त असतो. सॉफ्टवेअर बसवायला आलेला माणूस मध्येच विचारतो, "सर, डेटाबेसला सिसअ‍ॅडमिन देऊन टाकू?" आपण म्हणतो, "द्या." पण आपण नेमकं काय दिलं, हे कोणी सांगत नाही. आज तेच समजून घेऊ.

काउंटर वेगळा, गोदाम वेगळं

स्क्रीनवर दिसतं तो काउंटर. माल असतो मागच्या गोदामात, म्हणजे डेटाबेस सर्व्हरमध्ये. छोट्या धंद्याच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमागे मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असतो. त्याची एक्स्प्रेस आवृत्ती फुकट मिळते.

या गोदामाचे अधिकार दोन पातळ्यांवर मिळतात. पहिली पातळी एका खोलीची: एकाच डेटाबेसमध्ये वाचणं आणि लिहिणं. दुसरी पातळी पूर्ण सर्व्हरची, तिचं नाव सिसअ‍ॅडमिन. 'एसए' नावाच्या लॉगिनकडे हा अधिकार जन्मापासून असतो. मायएसक्यूएलमध्ये हेच काम 'रूट' करतो.

सिसअ‍ॅडमिन कोणताही डेटाबेस उघडू शकतो, पुसू शकतो, इतरांचे पासवर्ड बदलू शकतो. एवढंच नाही, 'एक्सपी कमांडशेल' नावाची सोय चालू करून तो डेटाबेसमधून थेट विंडोजला हुकूम देऊ शकतो. ही सोय मुळात बंद असते, पण सिसअ‍ॅडमिनला ती उघडता येते. म्हणजे बॅकअप त्याच कॉम्प्युटरवर असेल तर तोही गेला समजा.

ही नुसती भीती नाही. मे २००२ मध्ये 'स्पायडा' नावाचा वर्म जगभर पसरला. तो काही फार हुशार नव्हता. एसएचा पासवर्ड रिकामा ठेवलेले सर्व्हर शोधायचा आणि सरळ आत शिरायचा.

आता आपल्याकडचं बघा. भरडाईचा हंगाम आहे. धान किती आलं, तांदूळ किती गेला, कनकी-कोंडा किती विकला, सगळं एका डेटाबेसमध्ये. तो पुसला गेला, तर कोणाकडे किती येणं आहे हे सिद्ध कशानं करणार?

मग अधिकार कसे वाटायचे?

१. आधी यादी बघा. एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओ उघडा. सिक्युरिटी, मग सर्व्हर रोल्स, मग सिसअ‍ॅडमिनवर डबल क्लिक. आत कोणकोण आहे ते दिसेल. 'एनटी सर्व्हिस'ने सुरू होणारी नावं सर्व्हरची स्वतःची आहेत, त्यांना हात लावू नका.

२. मालकाचं लॉगिन वेगळं ठेवा. सिसअ‍ॅडमिन तुमच्याकडे हवाच. एसएचा पासवर्ड मोठा ठेवा, कागदावर लिहून तिजोरीत टाका. तो फक्त सॉफ्टवेअरवाल्याकडे असेल, तर धंद्याचा डेटा तुमचा आणि चाबी त्याची, असं होतं.

३. रोजच्या कामाला खोलीपुरताच अधिकार द्या. लॉगिनच्या प्रॉपर्टीजमध्ये यूजर मॅपिंग असतं. तिथे आपला डेटाबेस निवडून 'डेटारीडर' आणि 'डेटारायटर' एवढंच टिक करा. काही सॉफ्टवेअरला थोडं जास्त लागतं. काय लागतं आणि का लागतं, ते कंपनीकडून लेखी घ्या.

४. टेक्निशियनला काम असेल तेवढाच वेळ. त्याच्या नावाचं लॉगिन बनवा, सर्व्हर रोल्समध्ये सिसअ‍ॅडमिन टिक करा. काम झालं की टिक काढा आणि स्टेटसमध्ये लॉगिन डिसेबल करा. मिस्त्री घरी गेला की शिडी आपण आत घेतो ना, तसंच.

चाबी हरवली तर?

घाबरू नका. त्या कॉम्प्युटरचा विंडोज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर एसक्यूएल सर्व्हर 'सिंगल यूजर मोड'मध्ये सुरू करून नवीन सिसअ‍ॅडमिन जोडू शकतो. तेवढा वेळ बाकी सगळ्यांचं काम थांबतं, म्हणून दुकान बंद झाल्यावर जाणकाराकडून करून घ्या. पण याचा दुसरा अर्थही ओळखा. विंडोजचा अ‍ॅडमिन पासवर्ड ज्याच्याकडे, त्याला डेटाबेसची चाबीही बनवता येते. तो पासवर्डही सगळ्यांना वाटू नका.

आणि बॅकअप! एक्स्प्रेस आवृत्तीत आपोआप कामं करणारा 'एजंट' नसतो. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून रोजचा बॅकअप लावा, त्याची एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या आणि ड्राइव्ह काढून ठेवा.

प्रायव्हेट लिमिटेड काढणाऱ्यांसाठी

१ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं आणि ती बंद करता न येणं बंधनकारक आहे. चार जणांकडे सिसअ‍ॅडमिन असेल, तर मागच्या दारानं ती नोंदच बदलता येते. ऑडिटरनं विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

गल्ल्याची चाबी आपण गिऱ्हाइकाला देत नाही. डेटाबेसची तरी का द्यायची? आज संध्याकाळी दुकान बंद करताना फक्त पहिलं काम करा: सिसअ‍ॅडमिनची यादी उघडा आणि नावं मोजा.