चाकांवरची खोली आणि एक लोखंडी ब्रॅकेट

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याला पावसाळ्यात एस.टी.ने गेलात, तर एक गोष्ट डोळे मिटूनही कळते : गाडीचा प्रत्येक भाग बोलत असतो. काचा खडखडतात, आसने कुरकुरतात, मागे कुठेतरी एखादा पत्रा थरथरत असतो. अशा गाडीचे प्रवासी वाहण्याचे दिवस संपले म्हणजे ती मोडीतच जाते असे नाही. २०२० साली टाळेबंदीच्या काळात एस.टी. महामंडळाने काही जुन्या गाड्यांतली आसने काढून त्या मालवाहू केल्या. पुण्यात २०१६ पासून काही जुन्या बसगाड्यांची महिलांसाठी स्वच्छतागृहे करण्यात आली. आसने काढली की उरते ती चाकांवरची एक खोली. तिचे कोणी घर करील, कोणी वाचनालय, कोणी फिरती प्रयोगशाळा.

समजा, मुलचेरा तालुक्यातल्या शाळांसाठी आपण अशीच एक फिरती प्रयोगशाळा करीत आहोत. टेबले आणि कपाटे सुतार करून देईल. पण शंभर लिटर पाण्याची टाकी जागेवर धरून ठेवणारे ब्रॅकेट कोठून आणायचे? ते बाजारात मिळणार नाही, कारण आपल्या गाडीची भिंत, तिचे खांब आणि आपली टाकी यांची मापे कोणत्याच दुकानदाराला ठाऊक नाहीत. एस.टी.च्या गाड्यांचे सांगाडे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मोठ्या कार्यशाळांत बांधले जात आले आहेत. आपल्याजवळ आहे ते खिडक्यांचे गज जोडून देणारे वेल्डिंगचे दुकान. आपल्या कामाला तेवढे पुरे. मात्र दुकानात जाण्यापूर्वी थोडे पदार्थविज्ञान हवे.

पट्टी किती लांब कापायची?

पहिले काम लोखंडाचे नाही, पुठ्ठ्याचे. बसची भिंत वर जाताना आत वळलेली असते, त्यामुळे काटकोन गृहीत धरून चालत नाही. पुठ्ठा भिंतीला लावून, कातरीने थोडाथोडा कापून, तो नीट बसेपर्यंत फर्मा तयार करावा. चुकलेला पुठ्ठा फेकता येतो. चुकलेले लोखंड महाग पडते.

आता ३ मि.मी. जाडीची पट्टी काटकोनात वाकवायची आहे. बाहेरून मोजली तर प्रत्येक बाजू ५० मि.मी. भरली पाहिजे. मग १०० मि.मी. पट्टी कापू या? मी पहिल्यांदा असा कोन केला तेव्हा तसेच केले, आणि भोके समोरासमोर येईनात. कारण समजण्यासाठी एक खोडरबर घ्या. त्याच्या कडेवर पेनाने समान अंतरावर उभ्या रेघा काढा आणि तो वाकवा. बाहेरच्या बाजूला रेघा एकमेकींपासून दूर जातात, आतल्या बाजूला जवळ येतात. म्हणजे बाहेरचा थर ताणला जातो, आतला दाबला जातो. मध्ये कुठेतरी असा एक थर असतो की ज्याची लांबी बदलत नाही. त्याला उदासीन थर म्हणतात. आपल्याला कापायची आहे ती याच थराची लांबी.

हिशोब करू या. वळणाची आतली त्रिज्या ३ मि.मी. धरू. बाहेरच्या ५० मि.मी.मधून आतली त्रिज्या आणि जाडी मिळून ६ मि.मी. वजा केले, की प्रत्येक बाजूचा सरळ भाग ४४ मि.मी. उरतो. दोन्ही मिळून ८८. उदासीन थर आतल्या पृष्ठापासून जाडीच्या सुमारे चार-दशांश अंतरावर, म्हणजे १.२ मि.मी.वर असतो. तेव्हा त्याच्या कंसाची त्रिज्या ४.२ मि.मी. आणि पाव वर्तुळाची लांबी १.५७ × ४.२ = ६.६ मि.मी. एकूण झाले ९४.६ मि.मी. शंभर नव्हे!

वाकवताना आणखी एक गंमत दिसते. वाइसमध्ये पट्टी धरून हातोड्याने बरोबर काटकोनात आणली, तरी हात काढताच ती किंचित उघडते. ही धातूची स्थितिस्थापकता. म्हणून कुशल कारागीर पट्टी काटकोनाच्या थोडी पुढे नेऊन सोडतो.

जाड पट्टी की उभी पट्टी?

ब्रॅकेट वाकू नये म्हणून जाड लोखंड घ्यावे, असे सहज वाटते. पण हातातली लांब फूटपट्टी आडवी धरून वाकवून पाहा. मग तीच कडेवर उभी धरून पाहा. धातू तोच, वजन तेच, पण उभी पट्टी वाकत नाही. पट्टीचा ताठपणा तिच्या रुंदीच्या सम प्रमाणात, पण भाराच्या दिशेतल्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. ३ मि.मी.ऐवजी ६ मि.मी. जाड पट्टी घेतली तर ताठपणा आठपट होतो, पण वजन दुप्पट होते. उलट ५० मि.मी. रुंद आणि ३ मि.मी. जाड पट्टी नुसती उभी केली, तर ताठपणा सुमारे २७८ पट होतो, आणि वजन एक ग्रॅमनेही वाढत नाही. म्हणून ब्रॅकेटच्या कोनात एक त्रिकोणी पत्रा उभा जोडतात.

गाडी थांबते, टाकी थांबत नाही

टाकी जमिनीवरच ठेवावी, म्हणजे गाडीचा गुरुत्वमध्य खाली राहतो. वजन जमीन पेलते, मग ब्रॅकेटचे काम काय? गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर धावते आहे. चालकाने जोरात ब्रेक लावला आणि गाडी ४ सेकंदांत थांबली. जडत्वामुळे टाकी मात्र पुढेच जाऊ पाहते. १०० किलोग्रॅम पाण्याला थांबवण्यासाठी सुमारे ४२० न्यूटन बल लागते, म्हणजे ४३ किलोच्या वजनाइतके. पण तीच गाडी झाडावर आदळून ०.२ सेकंदात थांबली, तर हेच बल सुमारे ८,३०० न्यूटन, म्हणजे साडेआठशे किलोच्या वजनाइतके होते. टाकीच्या पुढच्या बाकावर मुले बसणार आहेत, हे लक्षात ठेवूनच ब्रॅकेट करायचे. ते गाडीच्या खांबांना बोल्टने धरावे. नुसत्या पत्र्याला धरले तर पत्रा फाटून टाकी सुटेल.

अपघात सुदैवाने क्वचित होतो. खड्डे मात्र रोजचेच. सेकंदाला दोन हिसके धरले, तरी तासाला ७,२०० होतात. तार एकदा वाकवून तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. हा धातूचा थकवा. चीर बहुधा टोकदार कोपऱ्यात किंवा भोकाच्या कडेला सुरू होते, कारण तेथे ताण एकवटतो. १९५४ साली कोसळलेल्या कॉमेट विमानांच्या तपासात हेच आढळले : छपराच्या पत्र्यातील चौकोनी कापाच्या कोपऱ्याजवळ, रिव्हेटच्या भोकापाशी चीर पडली होती. म्हणून आपल्या ब्रॅकेटचे आतले कोपरे गोल ठेवावेत आणि कडा कानशीने घासून गुळगुळीत कराव्यात.

दोन धातू आणि पाऊस

एस.टी.च्या जुन्या गाड्यांवरचा पत्रा ॲल्युमिनियमचा असे. त्याला पोलादी ब्रॅकेट टेकले आणि फटीत पावसाचे पाणी साचले, की तेथे एक विद्युतघटच तयार होतो. त्यात अधिक क्रियाशील असलेले ॲल्युमिनियम झिजत जाते. दोन्ही पृष्ठांना रंग देऊन मध्ये रबर घातले म्हणजे घटाचा मार्ग तुटतो.

शिवाय ॲल्युमिनियम उन्हाने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दोन मीटर लांबीत ४० अंश तापमानवाढीला हा फरक सुमारे ०.९ मि.मी. पडतो. लांब पट्टीची भोके थोडी लांबट ठेवली, की बोल्टवर ताण येत नाही.

वेल्डिंग जाणकारानेच करावे. त्याआधी बॅटरीची तार सोडावी आणि इंधनाच्या टाकीपासून दूर राहावे. गाडीत असा बदल करायला परिवहन कार्यालयाची परवानगीही लागते.

करून पाहा : २ मि.मी. जाडीची पट्टी, आतली त्रिज्या २ मि.मी., काटकोनाची प्रत्येक बाजू बाहेरून ३० मि.मी. हवी. पट्टी किती लांब कापाल? उत्तर ५६.४ मि.मी. आले तर तुमचा हिशोब बरोबर आहे. आता खरी पट्टी घ्या, वाकवा आणि मोजून पाहा.