डॉक्टर दुसऱ्यांदा येतो तेव्हा

वणी म्हटले की पुण्या-मुंबईच्या वाचकाला सप्तशृंगीच्या पायथ्याची, नाशिक जिल्ह्यातली वणी आठवते. ही ती नव्हे. ही वणी यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला, निर्गुडेच्या काठी वसलेली. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० साली इथलाच. कापूस, चुन्याच्या भट्ट्या आणि दगडी कोळशाच्या खाणी यांवर हे गाव मोठे झाले. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो आणि बाबा आमट्यांचे आनंदवन जिथे आहे ते वरोरा थोड्याच अंतरावर येते. मात्र ज्या यवतमाळला सारी सरकारी कामे निघतात, ते शंभरावर किलोमीटर दूर!

पहाटे साडेपाचच्या सुमारास वणीच्या बसस्थानकावर जाऊन उभे राहावे. चहावाल्याचा स्टोव्ह नुकताच पेटलेला असतो. फलाटावरच्या गर्दीत काही माणसे चटकन ओळखू येतात. त्यांच्या खांद्यावर शबनम असते, पण तिच्यापेक्षा अधिक जपून धरलेली एक चपटी, मोठी पिशवी हातात असते. तिच्यात क्ष-किरणांचे फोटो, रक्त तपासल्याचे कागद, जुन्या चिठ्ठ्या असा सगळा आजाराचा दप्तरखाना. "कुठं निघालात?" म्हणून विचारले की एकाच शब्दात उत्तर मिळते, "मेडिकलले." वऱ्हाडात आणि नागपूरकडे 'मेडिकल' म्हणजे औषधाचे दुकान नव्हे, मेडिकल म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना. मग ते यवतमाळचे असो, चंद्रपूरचे, नागपूरचे, सावंगीचे, नाहीतर सेवाग्रामचे. माणूस तिथे जातो तो बहुधा सारे उपाय थकल्यावर, आणि म्हणूनच पुष्कळदा उशिरा.

आजारी माणसाने एवढे अंतर काटून मेडिकलला जावे, हे आपण धरूनच चाललो आहोत. पण मेडिकलने आजारी माणसाकडे जावे की नाही? आणि गेले तर कसे जावे? या दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी हा प्रश्न मांडावासा वाटला, त्याला आमच्या घरातलीच एक गोष्ट कारण झाली.

देव्हाऱ्यातली चिठ्ठी

आमच्या आत्याबाई वणीला असत. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांच्या आळीतल्या शाळेत आरोग्यशिबिर भरले. मंडप, सतरंज्या, पाहुण्यांना हार, सारे काही यथासांग झाले. पांढऱ्या कोटातल्या तरुण मुला-मुलींनी शे-दोनशे माणसे तपासली. आत्याबाईंचा रक्तदाब वाढलेला निघाला. एका गोड मुलीने त्यांना "आजी" म्हणून जवळ बसवले, महिनाभराच्या गोळ्या दिल्या, एक चिठ्ठी लिहून दिली. आत्याबाईंना त्या मुलीचे इतके कौतुक, की ती चिठ्ठी त्यांनी देव्हाऱ्यात बालाजीच्या तसबिरीमागे ठेवली.

महिना संपला, गोळ्या संपल्या. मी सुट्टीत गेलो तेव्हा विचारले, तर म्हणाल्या, "आता मले काही होत नाही ना बापू, मंग गोळी कायले खाऊ?" रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही, तो गप्प बसून काम करतो, हे त्यांना सांगायला कोणी आले नाही. शिबिर परत भरले नाही. दीड-दोन वर्षांनी एका सकाळी तुळशीला पाणी घालताना त्या पडल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुढची चार वर्षे त्यांनी अंथरुणावर काढली. चिठ्ठी मात्र तसबिरीमागे तशीच होती. अक्षर सुरेख होते, निदान बिनचूक होते, औषधही बरोबर होते.

मग चुकले काय? चुकले एवढेच की डॉक्टर एकदाच आला.

सेवाग्रामची रीत

दुसऱ्यांदा येणाऱ्या डॉक्टरची गोष्ट पाहायची असेल तर वणीहून उत्तरेला वर्ध्याकडे जावे लागते. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले आणि त्या खेड्याचे पुढे सेवाग्राम झाले. १९३९च्या सुमारास सुशीला नय्यर नावाची पंजाबातली एक तरुण डॉक्टरीण तिथे आली. भाऊ प्यारेलाल गांधीजींचे चिटणीस होते, त्यांच्याकडे ती आलेली. नेमकी त्याच वेळी त्या भागात कॉलऱ्याची साथ उसळली. या मुलीने जवळजवळ एकटीने साथीला तोंड दिले. गांधीजींनी ते पाहिले आणि पुढे तीच त्यांची डॉक्टर झाली.

१९४४च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच, कस्तुरबा गेल्या. सुशीलाबहेनही त्याच कैदेत होत्या. सुटून आल्यावर त्यांनी सेवाग्रामला बायका-मुलांसाठी छोटासा दवाखाना उघडला, तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. स्वातंत्र्यानंतर त्यांनी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९६२ ते १९६७ या काळात त्या देशाच्या आरोग्यमंत्री होत्या. दिल्लीतले मंत्रिपद पाहून झालेल्या बाईने १९६९ साली, गांधीशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली ती पुन्हा त्या खेड्यातच. देशातले हे पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. आज ते नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेले आहे. सुशीलाबहेन २००१ साली गेल्या. त्यांनी घालून दिलेली रीत मात्र राहिली.

ही रीत मोठी साधी आहे. नवे विद्यार्थी आले की आधी पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात राहतात. झाडलोट, सूतकताई, प्रार्थना. अंगावर खादी. पूर्वी प्रवेशपरीक्षेत गांधीविचाराची एक स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही असे. देशभर एकच प्रवेशपरीक्षा आल्यावर ती गेली. मग त्या वर्षाची सारी तुकडी एक खेडे दत्तक घेते. पंधरा दिवस मुले त्या गावातच राहतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच घरे येतात.

ज्या मुलाने अजून स्टेथास्कोप नीट धरलेला नाही, तो त्या घरी जाऊन करतो काय? तो विचारतो. पाणी कुठून आणता? पोराचे वजन किती? घरात धूर कुठे जातो? मागचे बाळंतपण कुठे झाले? शौचाला कुठे जाता? तो मुलांची उंची मोजतो, रक्त तपासायला मदत करतो, आजारी माणसाला थोरल्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवतो. शहरात वाढलेल्या मुलीला तिथे पहिल्यांदा कळते, की रक्त वाढवणारी गोळी लिहून देणे सोपे आहे, पण घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या ताटात भाजी उरते का, हे पाहणे अवघड आहे.

पंधरा दिवसांनी इतर ठिकाणी मंडप उठतो. इथे गोष्ट सुरू होते. पुढची दोन-तीन वर्षे, ठराविक अंतराने, तीच मुले त्याच घरी जातात. गोळ्या संपल्या का? घेतल्या का? नसतील तर का नाही? दुसऱ्या खेपेला घरचा माणूस खरे बोलू लागतो. पहिल्या खेपेला "सगळं बरं आहे" म्हणणारी म्हातारी तिसऱ्या खेपेला हळूच सांगते, की डोळ्यांना दिसत नाही, पण मुलाला खर्च नको म्हणून बोलले नाही. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात सापडणार?

ज्वारीच्या पायलीतला विमा

जायचे कळले, पण गावाने फुकट घेत राहावे का? या प्रश्नाचे सेवाग्रामने काढलेले उत्तर मोठे गमतीचे आहे. १९८०च्या सुमारास तिथले डॉक्टर उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी आसपासच्या खेड्यांत काम करीत होते. शेतकऱ्याच्या हातात रोकड नसते. असते ती सुगीला, आणि तीही धान्याच्या रूपात. तेव्हा ठरले असे, की सुगी झाली की प्रत्येक घराने ज्वारी द्यायची. ज्याची शेती मोठी त्याने जास्त, भूमिहीनाने थोडी. गावातली बहुतेक घरे, चारांतली तीन तरी, सामील झाली पाहिजेत. नाहीतर योजना नाही. जमलेल्या ज्वारीतून गावच्या आरोग्यसेवकाचे मानधन आणि औषधे निघत. बदल्यात रुग्णालयाचे दार उघडे! अचानक आलेल्या दुखण्याला मोफत उपचार. बाळंतपण, मोतीबिंदू अशा आधी ठाऊक असलेल्या गोष्टींना खर्चाचा थोडा वाटा.

ज्वारीची किंमत फार नव्हती. पण पायली घालणाऱ्याचा हात वर असतो, पसरणाऱ्याचा खाली. ज्वारी दिलेला माणूस रुग्णालयात आला की "मेहेरबानी करा" म्हणत नाही. "आमचा माणूस तपासा" म्हणतो. सेवा आणि उपकार यांतला फरक एवढाच, आणि एवढा मोठा!

वणीच्या मातीतली दुखणी

आता पुन्हा वणीकडे येऊ. या मुलखाची दुखणी शहरातल्या दवाखान्यात बसून उमगणारी नाहीत. मारेगाव, झरी-जामणीच्या बाजूला कोलामांचे पोड आहेत, गोंडांच्या वस्त्या आहेत. विदर्भात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार पुष्कळ आढळतो. त्यात रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि हाडे-सांधे असह्य दुखतात. आई आणि बाप दोघेही नुसते वाहक असले, स्वतः धडधाकट असले, तरी त्यांच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. बोटातल्या थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते. शंका आली तर पक्की तपासणी. २०२३ साली केंद्र सरकारने यासाठी देशव्यापी मोहीम सुरू केली. पण चाचणी ही निम्मीच गोष्ट. "तू वाहक आहेस" असे सतरा वर्षांच्या मुलीला कागदावर लिहून देऊन निघून जाणारा माणूस तिच्या कपाळी नुसता डाग लावून जातो. याचा अर्थ काय, लग्न जुळवताना पत्रिकेबरोबर मुलाचेही रक्त का पाहावे, आणि यात मुलीचा दोष का नाही, हे तिच्या आईबापांना समजावायला पुन्हा यावे लागते.

दुसरे दुखणे कपाशीचे. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना कीटकनाशकाची बाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात पडले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, फवारा तोंडावर उडणारा, हातात मोजे नाहीत, नाकावर फडके. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले. तिथल्या उपचारांनी पुष्कळांचे प्राण वाचले. पण या रोगाचा खरा दवाखाना बांधावर आहे. वारा पाठीवर घेऊन फवारणी करावी, औषधे एकमेकांत कालवू नयेत, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, घाम आणि धाप सुरू झाली तर कपडे काढून साबणाने अंग धुवावे, आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा बरोबर न्यावा. ही चार वाक्ये जूनमध्ये कोणी शेतात येऊन सांगितली, तर ऑक्टोबरमध्ये खाट लागत नाही.

नियम झाला, पुढे काय?

आनंदाची बातमी अशी की सेवाग्रामने १९६९ पासून चालवलेली रीत आता सगळ्या देशाने उचलली आहे. १९४६च्या भोर समितीने, डॉक्टर हा समाजाचाही वैद्य असावा, असे सांगून ठेवले होते. ते कागदावर राहिले. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरीच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम घातला. आता प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे घ्यायची, त्यांच्याकडे वरचेवर जायचे. याखेरीज पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्ह्याच्या रुग्णालयांतून काम करण्याचा नियमही झाला आहे.

पण दत्तक खेडी साहजिकच महाविद्यालयाच्या आसपासची असतात. दिव्याचा उजेड दिव्याजवळ पडतो. शंभर किलोमीटरवरच्या वणीला आणि तिच्याही पलीकडच्या पोडाला तो पोचायचा कसा? उत्तर एकच दिसते: जो मुलगा कॉलेजजवळच्या चार घरी तीन वर्षे गेला, तोच उद्या डॉक्टर होऊन दूरच्या सरकारी रुग्णालयात, प्राथमिक केंद्रात बसेल तेव्हा तो चिठ्ठी देऊन थांबणार नाही. सेवाग्रामने पदव्युत्तर शिक्षणासाठी ग्रामीण सेवेची अट घातली ती याचसाठी. आणि नुसती वही भरण्यासाठी घरे मोजली गेली, तर हाही मंडप इतरांसारखाच उठेल.

आपण शहरातली माणसे यात काय करणार? फार नाही, पण थोडे करता येईल. आपला मुलगा वा मुलगी डॉक्टरीला असेल, तर सुट्टीत तिचे गुण विचारण्याआधी, "तुझ्या घरच्या माणसांचे कसे आहे?" असे तिच्या दत्तक कुटुंबाबद्दल विचारावे. आणि भाऊबीजेला गावी गेलो तर आत्या, मावशी, काकू यांच्या तसबिरीमागची चिठ्ठी एकदा काढून पाहावी. गोळ्या चालू आहेत का?

आमच्या आत्याबाईंच्या देव्हाऱ्यातली ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. कागद पिवळा पडला आहे. खाली, त्या मुलीच्या सुरेख अक्षरात, दोनच शब्द आहेत: "पुन्हा दाखवणे."