सामायिक फोल्डर आणि अधिकारांची विभागणी

माटुंग्यातील रुईया महाविद्यालय १९३७ पासून, तर पोदार महाविद्यालय १९४१ पासून कार्यरत आहे. अशा जुन्या संस्थांत समित्यांचे सदस्य बदलत राहतात. पत्रव्यवहार मात्र अखंड राहावा लागतो. त्यासाठी ई-मेल सर्व्हरवरील सामायिक फोल्डर उपयुक्त ठरतो. एकच पासवर्ड सर्वांना देण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित होय. कारण येथे प्रत्येक सदस्य स्वतःच्या खात्यातूनच प्रवेश करतो.

आयमॅप प्रणालीत फोल्डर दिसणे, पत्र वाचणे, नवे पत्र ठेवणे, पत्र खोडणे आणि इतरांना अधिकार देणे या बाबी स्वतंत्र मानल्या आहेत. पत्रावर खोडल्याची खूण करणे व ते कायमचे काढून टाकणे यांसाठी १९९७ च्या मानकात एकच अधिकार होता. २००५ च्या सुधारित मानकाने त्यांची फारकत केली.

परीक्षा समितीच्या सदस्यांना पत्र वाचण्याचा व ठेवण्याचा अधिकार पुरेसा आहे. अधिकार देण्याचा अधिकार समन्वयकाकडेच असावा. सर्व्हरवर सोय असल्यास हे अधिकार व्यक्तीऐवजी गटाला द्यावेत, म्हणजे सदस्य बदलताच केवळ गटाची यादी सुधारावी लागते. अन्यथा निवृत्त सदस्यालाही प्रश्नपत्रिकांचा पत्रव्यवहार दिसत राहतो. म्हणून प्रत्येक शैक्षणिक वर्षाच्या आरंभी अधिकारसूचीची तपासणी होणे अगत्याचे आहे.