समोर काच नसलेलं विमान

नासाच्या एक्स-५९ विमानात वैमानिकाला समोर काच नाही. जवळपास ३० मीटर लांबीच्या या विमानाचं नुसतं नाकच साडेअकरा मीटरचं. त्याच्यापलीकडचं काही दिसणं शक्य नसल्याने पुढच्या कॅमेऱ्याने टिपलेलं दृश्य पडद्यावर पाहत वैमानिक ते चालवतो.

हा सगळा खटाटोप आवाजासाठी. विमान ध्वनीपेक्षा वेगाने जाऊ लागलं की नाक, कॉकपिट, पंख, शेपूट अशा प्रत्येक ठिकाणाहून हवेत धक्क्याची लाट निघते. खाली येता येता या लाटा एकमेकींत मिसळतात आणि जमिनीवर लागोपाठ दोन धमाके ऐकू येतात. मी पुण्यात लोहगाव विमानतळाजवळ राहते; सुखोई उठलं की फोनवरचं बोलणं थांबवावंच लागतं. पण ती इंजिनाची गर्जना. हा धमाका वेगळा, आणि तो एकदाच होऊन संपत नाही. तो वेग आहे तोवर वाटेतल्या प्रत्येक गावाला तो ऐकावा लागतो.

१९६४ मध्ये अमेरिकी सरकारने ओक्लाहोमा सिटीवर सहा महिने असे धमाके मुद्दाम करून पाहिले, दिवसाला आठपर्यंत. काचा फुटल्या, तक्रारींचा ढीग पडला. हे आम्हाला सोसवणार नाही, असं सुमारे एक चतुर्थांश लोकांनी सांगितलं. १९७३ मध्ये अमेरिकेत जमिनीवरून ध्वनीपेक्षा वेगवान नागरी उड्डाणांवर बंदी आली.

एक्स-५९ चं लांब, निमुळतं नाक त्या लाटांना एकत्र येऊ देत नाही. इंजिनही पाठीवर बसवलंय, म्हणजे त्याची लाट खाली येत नाही. काँकॉर्ड या ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या जुन्या प्रवासी विमानाचा धमाका १०५ डेसिबलच्या आसपास असे. इथे लक्ष्य ७५ चं आहे, म्हणजे शेजारी कुणी मोटारीचं दार लावावं तेवढा आवाज.

२८ ऑक्टोबर २०२५ रोजी नासाचे चाचणी वैमानिक निल्स लार्सन यांनी कॅलिफोर्नियातल्या पामडेलहून ते पहिल्यांदा उडवलं, ध्वनीपेक्षा कमी वेगाने. या विमानात प्रवासी कधीच बसणार नाहीत. विकायला काही नसलेलं असं विमान कुठली कंपनी स्वतःच्या पैशाने बांधेल? ते सरकारनेच करावं. चाचण्या पार पडल्या की ते वस्त्यांवरून नेऊन खालच्या लोकांना विचारायचं ठरलंय: ऐकू आलं का, त्रास झाला का? आवाजाची मर्यादा त्या उत्तरांवरून ठरावी. मात्र विचारताना रात्रपाळी करून दिवसा झोपणारे, आजारी माणसं आणि तान्ह्या बाळांच्या आया यांना वगळून चालणार नाही.